दोघांची ताटं एकाच वेळी

न्यूयॉर्कमध्ये वॉल स्ट्रीटजवळ, बीव्हर स्ट्रीट आणि साउथ विल्यम स्ट्रीट जिथे मिळतात त्या टोकदार कोपऱ्यावर डेल्मोनिकोज उभं आहे. दाराशी खांब आहेत. ते पॉम्पेईहून आणलेले, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. स्वित्झर्लंडहून आलेल्या डेल्मोनिको भावांनी 1827 मध्ये मिठाई-कॉफीचं छोटं दुकान काढलं आणि दहा वर्षांत या कोपऱ्यावर मोठं रेस्टॉरंट थाटलं. स्टेकला त्यांचं नाव चिकटलं ते कायमचं. लोणी, साय आणि अंड्याच्या बलकात शिजवलेला लॉब्स्टर न्यूबर्गही याच घराण्यातला. समुद्र आणि कुरण एकाच मेन्यूवर आणणारी जी महागडी, मंद दिव्यांची रेस्टॉरंटं आज जगभर जोडप्यांनी भरलेली असतात, त्यांचं मूळ घर शोधायचं तर मी इथेच येईन.

त्याआधी अमेरिकेत बाहेर जेवायचं म्हणजे बहुधा सराईतलं लांबलचक टेबल, ठरलेली वेळ, आणि शेजारी बसेल तो सोबती. जे शिजलं असेल ते सगळ्यांना. या भावांनी वेगळी टेबलं मांडली, छापील यादी हातात दिली, आणि ज्याचं त्याने निवडावं अशी रीत पाडली. दोन माणसं समोरासमोर बसतात, एक मासा मागवतो, दुसरा मांस, आणि कुणाला घाई नसते. आज यात काही विशेष वाटत नाही. तेव्हा ते नवं होतं.

आणि तेही सगळ्यांना नव्हतं. पुरुष सोबत नसेल तर बाईला अशा ठिकाणी टेबल मिळत नसे. 1868 च्या एप्रिलमध्ये चार्ल्स डिकन्सच्या सन्मानार्थ न्यूयॉर्कच्या पत्रकारांनी डेल्मोनिकोजच्या पाचव्या अ‍ॅव्हेन्यूवरच्या शाखेत मेजवानी दिली. जेन कनिंगहॅम क्रोली ही नावाजलेली पत्रकार; तिने इतरांसारखं तिकीट मागितलं, तर तिला टाळलं गेलं. तिने मैत्रिणींना जमवून ‘सोरोसिस’ हा बायकांचा क्लब काढला, आणि त्याच महिन्यात या बायका डेल्मोनिकोजमध्येच जेवायला बसल्या, सोबत एकही पुरुष नसताना. डिकन्सने त्या रात्री काय भाषण केलं हे इतिहासात नोंदलेलं आहे. मला मात्र या बायकांच्या दुपारच्या जेवणाचं मोल जास्त वाटतं. हक्काने खुर्चीत बसून, वाढायला न उठता, गरम जेवणं ही गोष्ट बायकांना आपसूक मिळालेली नाही.

आमच्या घरी रविवारी सुरमई असायची. मीठ, हळद, तिखट आणि आगळ लावून ठेवलेली तुकडी रव्यात घोळवून तव्यावर टाकली की आईला तिथून हलता येत नसे. तुकडीची खरी चव तव्यावरून ताटात येईपर्यंतच्या त्या मिनिटभरात. मग ती एकेक तुकडी उलथन्यावर घेऊन बाहेर यायची, बाबांना, आम्हाला, आलेल्या पाहुण्याला वाढायची आणि परत आत. सगळ्यांचं झालं की शेपटाकडची तुकडी आणि गार भात घेऊन ओट्याशीच बसायची. तिला मुद्दाम कुणी मागे ठेवलं नव्हतं. तवा एक आणि खाणारी तोंडं सहा, यात जो तव्यापाशी असेल तो शेवटीच जेवणार. पण ती व्यक्ती दर रविवारी आईच होती. बाबा बोटीवर असायचे, वर्षातले थोडेच महिने घरी. त्या थोड्या महिन्यांतही त्या दोघांनी एकत्र बसून गरम तुकडी खाल्लेली मला आठवत नाही.

म्हणून अशा रेस्टॉरंटात गेले की माझं लक्ष मेणबत्तीकडे कमी आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे जास्त असतं. हडसनच्या काठावर, न्यू जर्सीच्या बाजूला, एका ठिकाणी आम्हाला उघड्या स्वयंपाकघरासमोरचं टेबल मिळालं होतं. तिथे पाहिलं की मासा आणि स्टेक एकाच टेबलावर पाठवणं किती अवघड आहे. दोघांच्या स्वभावात मेळच नाही. चांगला स्टेक ताजा नसतोच. मांस थंड, कोरड्या खोलीत तीन-चार आठवडे, कधी त्याहूनही जास्त ठेवतात. त्यातलं पाणी उडतं, आतली विकरं तंतू सैल करतात, बाहेरचा काळा पडलेला थर कापून टाकावा लागतो. वजन घटतं, भाव चढतो, चव दाट होते. लॉब्स्टरचं उलट. तो शिजेपर्यंत जिवंतच ठेवायचा. मेल्यावर त्याचं मांस बघता बघता बिघडतं. एक थांबल्याने चांगला होतो, दुसऱ्याला थांबणं चालत नाही.

शिजवण्याचंही तेच. दीड इंच जाडीचा तुकडा धगधगत्या भट्टीत दोन्ही बाजूंनी काळपट-तपकिरी होईपर्यंत ठेवायचा, आत पंचावन्न अंशांच्या आसपास आला की बाहेर काढायचा, आणि मग आठ-दहा मिनिटं त्याला हात लावायचा नाही. लगेच कापला तर सगळा रस लाकडी पाटावर. तो विसावत असतानाही आतून शिजत असतो. या विसाव्याच्या वेळातच माशाचा आचारी तवा तापवतो, तुकडी कातडीच्या बाजूने ठेवतो, वर सपाट उलथनं दाबून धरतो. वितळतं लोणी चमच्याने पुन्हा पुन्हा माशावर सोडतो. मध्ये काउंटरपाशी एक बाई उभ्या होत्या. त्यांच्यासमोर चिठ्ठ्यांची रांग. ‘फायर’ म्हणाल्या की मासा तव्यावर जायचा. एकदा मासा अर्धा मिनिट आधी तयार झाला. त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला, नव्याने करायला सांगितला, आणि स्टेकवाल्याला नुसता हात दाखवला. दोन वेटर दोन ताटं घेऊन निघाले, टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि ताटं एकाच क्षणी खाली ठेवली. त्या टेबलावर कोण होतं हे मी पाहिलंही नाही.

अशा ठिकाणी आपण पैसे मोजतो ते प्रामुख्याने या एका गोष्टीसाठी, असं माझं ठाम मत आहे. मखमली खुर्च्या आणि वाइनची यादी ठीक. संगीत मोठं लावणारी ठिकाणं तर मी टाळतेच. जिथे बोलायला ओरडावं लागतं तिथे जोडप्यांनी जावं कशाला? मुंबईत फोर्टात बटर-गार्लिक खेकडा खाताना दोन्ही हात कोपरापर्यंत माखतात, आजूबाजूला गलका असतो. ते जेवण मला जिवापाड आवडतं, पण ते घोळक्याचं जेवण. आपल्याकडे दोघांसाठी म्हणून पूर्वी होती ती ‘फॅमिली रूम’, पडदा ओढलेली. तिथे एकांत मिळायचा, पण लपल्यासारखा. उघड्यावर, चारचौघांत, तरीही आपल्यापुरतं बसायला मिळणं हे वेगळंच सुख आहे.

स्टेकचं म्हणाल तर महाराष्ट्रात 2015 पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे तिथे स्टेक म्हणून येतो तो बहुधा म्हशी-रेड्याच्या मांसाचा. ज्यांना तोही चालत नाही त्यांच्यासाठी मासा आहेच. एकाच टेबलावर दोन घरचे दोन नेम सुखाने नांदतात, आणि हे मला या मेन्यूचं मोठं औदार्य वाटतं.

आईबाबा आमच्याकडे आले तेव्हा त्यांना त्याच हडसनकाठच्या ठिकाणी नेलं. आई गोमांस खात नाही. बाबांनी बोटीवर सगळं खाल्लेलं. तिने अख्खा मासा मागवला. वेटरने काटे काढून आणू का विचारलं, तर म्हणाली, “नको, डोक्यासकट आणा.” दोन्ही ताटं एकदम आली. आईने सवयीने सगळ्यांकडे एकवार बघितलं, वाढायचं काही उरलेलं नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने माशाचा गाल काट्याने अलगद सोडवून तोंडात टाकला. “कातडी छान कुरकुरीत झालीय,” ती बाबांना म्हणाली, “पण मीठ आतपर्यंत गेलं नाही. अहो, अर्धा तास लावून ठेवायला नको का?” बाबांनी मान हलवली आणि अँटवर्पला बोट लागलेली असताना खाल्लेल्या एका स्टेकची गोष्ट सांगायला घेतली. ती आमच्यापैकी कुणीच कधी ऐकली नव्हती. आईने दोनदा त्यांना मध्येच थांबवून विचारलं, तेव्हा सोबत कोण होतं, आणि मग पुढे काय झालं.