दाराबाहेरचा माणूस

दिवाळीच्या आधी माळा झाडायचा, हा आमच्या घरातला जुना नियम. यंदा सुनेने माळ्यावरून एक चपटी, काळी चामडी बॅग खाली काढली आणि विचारले, "बाबा, ही रिकामी बॅग टाकून देऊ का?" मी एवढ्या मोठ्याने "नको!" म्हणालो, की नातू खेळ सोडून माझ्याकडे पाहत राहिला. रिकाम्या बॅगेसाठी आजोबा एवढे का ओरडले, हे त्याला समजावून सांगायला बसलो. सांगता सांगता वाटले, की हे तुम्हांलाही सांगावे.

ती बॅग माझ्या आजोबांची. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. गिरगावातल्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. आबा फोर्टात एका पारशी सॉलिसिटरांच्या कचेरीत हेडक्लार्क होते. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, धोतर आणि बाराही महिने छत्री. ढेकूण चिरडण्याआधीसुद्धा त्याची क्षमा मागतील, असा स्वभाव. आणि हा माणूस महिन्यातून एकदा संध्याकाळी फोर्टातल्या फ्रीमेसन हॉलमध्ये जाऊन, हातात नागवी तलवार घेऊन दारावर उभा राही!

आबा फ्रीमेसन होते आणि त्यांच्या लॉजचे 'टायलर' होते. टायलर म्हणजे सभेच्या दाराबाहेर पहारा करणारा. यावरून चाळीत बरेच घोटाळे झाले. लॉज म्हटल्यावर लोकांना थाळी आठवे, तेव्हा घरचे जेवण सोडून हे तिकडे कशाला जातात, असा काहींना प्रश्न पडे. आम्हां मुलांना टायलर म्हणजे शिंपी वाटे. आणि ज्यांना थोडेफार माहीत होते, ते त्या हॉलला 'जादूघर' म्हणत. आत भुते बोलावतात, रक्ताने सह्या करतात, असे काहीबाही बोलत.

खरे पाहता फ्रीमेसन म्हणजे मूळचे गवंडी. त्यांची निशाणीसुद्धा गवंड्याची हत्यारे. गुण्या, कंपास, ओळंबा, पाणसळ. वागणे गुण्यासारखे काटकोनात असावे, मन ओळंब्यासारखे सरळ असावे, आणि पाणसळीवर सगळे सारखे असावेत. १७१७ साली लंडनमध्ये त्यांचे पहिले ग्रँड लॉज स्थापन झाले आणि साहेबाबरोबर ते आपल्याकडेही आले. पण पाणसळीची गोष्ट सांगणाऱ्या साहेबाला आपल्या माणसांना आत घ्यायला मात्र फार वर्षे लागली. १८४३ साली मुंबईत डॉक्टर जेम्स बर्न्स यांनी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज हिंदी लोकांसाठी काढले, तेव्हा पारशी आणि मुसलमान आत गेले. हिंदूंना त्याहूनही थांबावे लागले. यांचे देव अनेक, मग एका परमेश्वरावर यांची श्रद्धा कशी मानायची, ही शंका! कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त वर्षानुवर्षे अर्ज करीत राहिले, तेव्हा १८७२ साली त्यांना प्रवेश मिळाला. पुढे १८८४ साली त्याच कलकत्त्यात एक तरुण फ्रीमेसन झाला. त्याचे नाव नरेंद्रनाथ दत्त. जग त्याला स्वामी विवेकानंद म्हणून ओळखते. आबा हे नाव फार अभिमानाने सांगत. आजीपुढे दुसरा कोणताही पुरावा चालत नसे.

आजीची तक्रार वेगळीच होती. फ्रीमेसनचा एप्रन कोकराच्या कातड्याचा असतो. सोवळ्याओवळ्याच्या घरात कातडे! लग्नानंतर इतक्या वर्षांनी तिने एकच तह केला होता. ती बॅग उंबऱ्याच्या आत यायची नाही. म्हणून ती कायम गॅलरीतल्या खुंटीला लटकलेली असे, आणि लॉजहून आले की आबा हातपाय धुऊनच आत येत. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत.

मी दहा वर्षांचा होतो. साल १९५७. एका दुपारी सगळे झोपले असताना मी खुंटीवरची बॅग काढली. आत पांढरा एप्रन, पांढरे हातमोजे आणि एक लहानशी वही. एप्रन कमरेला बांधला, केरसुणीची तलवार केली आणि "जादूघर! जादूघर!" असे ओरडत तिन्ही मजले पळत सुटलो. दारोदारची माणसे बाहेर आली. आबा तेव्हा कचेरीत होते.

गणपती जवळ आले होते. आमच्या चाळीच्या सार्वजनिक गणपतीची पहिली आरती वयोमानाने आबांच्या हातून होई. त्या वर्षी चार मंडळींची बैठक बसली. चामडे बांधून कसलीशी पूजा करणाऱ्याच्या हाती आरतीचे ताट नको, असे ठरले. निरोप आणणाऱ्याने खाली मान घालून सांगितला. आबा म्हणाले, "बरं, तुम्ही म्हणाल तसं." आरतीच्या वेळी ते सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि नेहमीसारख्याच टाळ्या वाजवीत राहिले. मी खांबाआडून त्यांचे हात पाहत होतो. तेव्हापासून आजपर्यंत आरतीला टाळ्या वाजवताना मला ते हात दिसतात.

मला त्यांनी मारले नाही, की बोलले नाहीत. पुढच्या रविवारी मात्र "चल" म्हणाले आणि आम्ही धोबीतलावावरून चालत फोर्टात गेलो. सभा नव्हती. त्यांनी मला दाराबाहेरची आपली जागा दाखवली. दार उघडेच होते. आत काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी होती, आणि भुताच्या जागी एक म्हातारा झाडूवाला होता. त्याने आबांना रामराम केला.

"आबा, सभेत आत काय करतात?" मी विचारले.

"मला काय विचारतोस? मी तर बाहेर असतो!" असे म्हणून ते हसले. मग म्हणाले, "धर्मावरून आणि राजकारणावरून तिथं बोलायचं नाही, एवढं सांगतो. गीता, कुराण, बायबल, अवेस्ता शेजारी शेजारी ठेवलेली असतात. कचेरीत मी सेठना सेठ म्हणतो, इथं ब्रदर म्हणतो. आणि दर सभेला दानासाठी पिशवी फिरते."

"मग यात लपवायचं काय?"

आबा थोडा वेळ थांबले. "बाळ, दार राखायचं ते नुसतं बाहेरच्यानं आत येऊ नये म्हणून नसतं. आतलंही बाहेर जाऊ नये म्हणून असतं."

मला ते वाक्य समजले नाही. पाच वर्षांनी समजले.

१९६१ च्या नोव्हेंबरात भारताचे स्वतःचे ग्रँड लॉज दिल्लीत स्थापन झाले. रामपूरचे नबाब पहिले ग्रँड मास्टर झाले. आबांनी त्या दिवशी पेढे आणले. त्यानंतर वर्षभरातच, १९६२ च्या थंडीत, पहाटे झोपेतच ते गेले.

सकाळी चाळीच्या जिन्यावर अनोळखी पावले वाजू लागली. पारशी, बोहरी, ख्रिस्ती, मद्रासी, अशी तीस-चाळीस माणसे आली. सगळ्यांनी जोडे खालीच काढले होते. सॉलिसिटर सेठ स्वतः अनवाणी तीन मजले चढून आले. चाळीतली मंडळी कठड्याला टेकून मुकाट्याने पाहत होती. सेठ आजीसमोर हात जोडून म्हणाले, "बाई, आमचा एक रिवाज आहे. ब्रदर जातो तेव्हा त्याचा एप्रन त्याच्याबरोबर जातो. पण तुमच्या घरचे नियम मला ठाऊक आहेत. नाही म्हणालात तरी चालेल."

आजी उठली. गॅलरीत गेली. खुंटीवरची बॅग तिने स्वतःच्या हाताने काढली, आत आणली आणि माझ्या हाती दिली. "तू काढ. तुला ठाऊक आहे कुठं काय आहे ते." पाच वर्षांपूर्वीच्या माझ्या पराक्रमाबद्दल ती एवढेच बोलली. मी काढलेला एप्रन तिने आबांच्या छातीवर ठेवला आणि त्याची घडी नीट केली. चंदनवाडीला प्रत्येकाने आबांवर एक एक हिरवी डहाळी ठेवली. मृत्यूनंतरही काही उरते, याची ती खूण.

तेराव्यानंतर बॅगेतली वही मी आजीपुढे ठेवली. ती म्हणाली, "मला कुठं धड वाचता येतं? तू वाच." लॉजच्या पिशवीतला काही पैसा गरजूंच्या घरी पोचवायचे काम आबांकडे होते. त्यात पदरचे ते किती घालीत, हे वहीवरून कळले. नावे नव्हतीच. 'जून. वह्यापुस्तके. १८ रु.' 'ऑगस्ट. शिलाईयंत्राचा हप्ता. १० रु.' 'दिवाळी. रवा, साखर, तूप.' असे पानामागून पान. एका पानावर मी अडखळलो. दर महिन्याला इस्पितळाच्या औषधाचे १२ रुपये. ते औषध कुणाच्या मुलीला लागे, ते मला ठाऊक होते. तिचे वडील त्या बैठकीतल्या चौघांपैकी एक होते. सप्टेंबर १९५७ नंतरही तो आकडा चार महिने तसाच चालू होता. पैसे कुठून येतात, हे त्यांना कळले होते की नाही, देव जाणे.

मी मान वर केली. आजी माझ्याकडेच पाहत होती.

"नाव लिहिलंय का?"

"नाही."

"मग तूही घेऊ नकोस."

तिने वही माझ्या हातून घेतली आणि आंघोळीच्या बंबात घातली. पाने काळी पडून वळेपर्यंत आम्ही दोघे तिथेच उभे होतो.

ती चाळ आता राहिली नाही. तिच्या जागी उंच इमारत झाली आहे. त्या चौघांपैकीही कुणी उरले नाही. मी पुढे फ्रीमेसन झालो नाही. मला त्यांच्या खाणाखुणा किंवा शपथा ठाऊक नाहीत. दहाव्या वर्षी मी तीन मजले ओरडत फिरलो होतो. पंधराव्या वर्षी मात्र एक नाव गिळले, आणि ते आजवर बायकोलाही सांगितलेले नाही.

गोष्ट ऐकून नातवाने अर्थातच विचारले, "आजोबा, कोण होते ते?"

मी म्हणालो, "मला काय विचारतोस? मी तर बाहेर असतो."

बॅग पुसून मी पुन्हा माळ्यावर ठेवली आहे. पुढच्या दिवाळीत ती पुन्हा खाली येईल, आणि पुन्हा वर जाईल.