मशीद बंदरची पेढी, टिटवाळ्याचा पडदा

व्यापारी घरात पेढी आणि बिऱ्हाड यांतील अंतर पूर्वी पायऱ्यांनी मोजले जाई. खाली दुकान, वर घर. रात्री रोजमेळ जुळला नाही तर जिना उतरून वही पुन्हा उघडता येई. आमची सुक्या मेव्याची पेढी मशीद बंदरला आणि घर टिटवाळ्याला. मध्ये ६० किलोमीटरांहून अधिक अंतर आणि कसारा मार्गावरची लोकल.

२०२० च्या मार्चमध्ये सामान्य प्रवाशांसाठी लोकल थांबल्या, तेव्हा पेढीचा संगणक घरून चालवण्याची सोय आमच्या सी.ए.च्या कार्यालयातील एका मुलाने फोनवर सांगून लावून दिली. सोय तात्पुरती होती. परंतु सासूबाईंचे आजारपण सांभाळून मी जमाखर्च पाहू लागले आणि ती कायमची झाली. आमच्या पेढीच्या गादीवर घरातील सून कधी बसली नव्हती. त्यामुळे जोडणी तुटली की बाबूजी, म्हणजे माझे सासरे, एकच वाक्य उच्चारीत, "यापेक्षा मुनीम बरा." खोळंबा यंत्राचा, निकाल मात्र माझ्याविषयी! म्हणून हे यंत्र समजून घेणे मला भागच पडले.

एनीडेस्क काय किंवा टीमव्ह्यूअर काय, दोन्ही जर्मनीतील कंपन्यांची सॉफ्टवेअर. प्रत्येक संगणकाला एक क्रमांक मिळतो. तो येथे टाकला की तेथील पडद्याचे चित्र येथे दिसते आणि येथे दाबलेली कळ तेथे उमटते. सॉफ्टवेअरचे काम एवढेच, ने-आण करण्याचे. तेथील संगणकच निजलेला असेल तर ते आणणार काय? आमच्या दहा तक्रारींपैकी आठ अशा निघत. विंडोजमध्ये काही वेळ हात न लागल्यास संगणक झोपी जाण्याची मांडणी असते. ती 'कधीही नाही' अशी करून ठेवली आणि निम्मा त्रास गेला.

दुसरा त्रास गुमास्त्याच्या चांगुलपणातून आला होता. जुन्या बाजारातील लाकडी माळे, आगीची धास्ती. म्हणून कुलूप लावण्यापूर्वी तो मेन स्विच पाडीत असे. ही सवय मोडावी असे मला मुळीच वाटले नाही. सकाळी वीज सुरू झाली तरी संगणक मात्र बटण दाबेपर्यंत बंदच राही आणि गुमास्ता तोवर मालाच्या गडबडीत. बायोस नावाच्या मूळ मांडणीत एक पर्याय असतो; वीज परत येताच संगणकाने आपोआप सुरू व्हावे, असे तेथे ठरवता येते. तो पर्याय निवडला. आता मेन स्विच वर गेला की येथे टिटवाळ्यात पेढी उघडते. त्याने मात्र आधी संगणक रीतसर बंद करून मगच स्विच पाडावा, एवढे कबूल करून घेतले. चालू संगणकाची वीज तोडली तर टॅलीतील नोंदी बिघडू शकतात.

जोडणी लागत नाही तेव्हा दोष कोणत्या टोकाला, हे आधी ठरवावे. मी घरचे वायफाय सोडून मोबाइलच्या इंटरनेटवरून जोडून पाहते. जोडणी लागली तर दोष घरच्या लाइनचा. न लागली तर पेढीवर फोन करून विचारते, "तेथे एखादे संकेतस्थळ उघडते का?" उघडत नसेल तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करायला सांगायचे. चित्र लागते पण रेंगाळते, तेव्हा चित्राचा दर्जा कमी करावा. टॅलीला रंगांची हौस नाही. आकडे दिसले की पुरे.

कळांचा गोंधळ मात्र हसवणारा. टॅलीत एफ-५ म्हणजे पेमेंट, एफ-८ विक्री, एफ-९ खरेदी. माझ्या लॅपटॉपवर एफ-५ दाबले की पडद्याचा उजेडच मंदावे! सोबत एफएन कळ धरली तेव्हा कोठे पेमेंट उघडले. छपाईचेही तसेच. बिल मी येथे छापायला सांगावे आणि कागद मशीद बंदरच्या प्रिंटरमधून निघावा. छापण्यापूर्वी प्रिंटरचे नाव वाचण्याची शिस्त लावून घ्यावी लागते. कधी चित्र मध्येच गोठे. त्या वेळी पेढीच्या पडद्यावर विंडोज कसली तरी परवानगी मागत असे आणि ती चौकट मला दिसत नसे. सॉफ्टवेअर नुसते चालवण्याऐवजी पेढीच्या संगणकात पूर्णपणे स्थापित करून घेतल्यावर ही अडचण संपली.

सर्वांत अवघड दोष कोणत्याही मांडणीत सापडला नाही. एक माउस आणि हात दोन. मी नोंद करीत असताना बाबूजी तेथे माउस हलवीत. बाण माझ्या हातून निसटे आणि आकडा भलत्या खात्यात पडे. त्यांना वाटे, संगणक बिघडला. मला वाटे, त्यांना विश्वास नाही. एकदा २० तारखेला, ३-बी विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी, दुपारभर असे चालले. उशिराला रोजचे ५० रुपये विलंब शुल्क, शिवाय थकीत करावर वार्षिक १८ टक्के व्याज. ते आकडे बाबूजींना माझ्याहून अधिक पाठ. अखेर मी फोन केला आणि म्हटले, "बाबूजी, एक तास गादी मला द्या." क्षणभर ते गप्प राहिले. मग बाण स्थिर झाला.

या सोयीत धोकाही आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचा गैरवापर करून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते. दोष सॉफ्टवेअरचा नव्हे. अनोळखी माणसाला क्रमांक सांगून परवानगीचे बटण दाबणे म्हणजे तिजोरीची किल्ली हातात देणे. आमच्याकडे जोडणीचा पासवर्ड वेगळा आहे आणि तो दर दिवाळीला बदलतो. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

मागच्या पावसाळ्यात पेढीवर फोन आला. बँकेतून बोलतो, केवायसी अडकले आहे, पडद्यावरचा क्रमांक वाचून दाखवा. बाबूजींनी चष्मा लावला, पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, "तो व्यवहार आमच्या सूनबाई पाहतात, त्यांना विचारा." पलीकडून फोन ठेवला गेला. संध्याकाळी त्यांनी मला एवढेच विचारले, "पासवर्ड दिवाळीपर्यंत थांबवायचा, की आजच बदलतेस?"