मेखला आणि गुंज

आमच्या घराण्यात अडकित्त्याहून तीक्ष्ण शस्त्र कधी आले असेल, असे आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना वाटणार नाही. सारा जन्म मुलांकडून शब्दरूपे घोकून घेणाऱ्या मास्तराने शिकारीच्या काडतुसांविषयी लिहावे, हे ऐकून आमच्या कुटुंबानेही चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले. परंतु या विषयाशी आमच्या बालपणातील एक अपराध बांधलेला आहे, आणि तो सांगावयास आम्हास पंचावन्न वर्षे लागली.

आमचे थोरले काका, ज्यांना सारे तात्या म्हणत, साताऱ्यास वकिली करीत. १९४७ साली स्वदेशी परतणाऱ्या एका इंग्रज अंमलदाराकडून त्यांनी एक रायफल विकत घेतली होती. आजीने ती देवघराच्या बाजूस फिरकू दिली नाही. तिचे स्थान बाहेरच्या कचेरीच्या खोलीत. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १९१२ साली काढलेल्या 'तीनशे पंचाहत्तर मॅग्नम' या काडतुसाची ती रायफल होती. लॅटिनमधील 'मॅग्नम' आणि आपले 'महत्' हे शब्द एकाच कुळातले, हे आम्हास पुढे कळले. त्या वेळी आम्हास मोह पडला तो काडतुसांच्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्याचा.

१९७० च्या ज्येष्ठात, आम्ही दहा वर्षांचे असताना, तो डबा आम्ही गोट्यांसाठी लांबविला. काडतुसे वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या खालच्या कप्प्यात सारली. साताऱ्याचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या चार महिन्यांत भिंतींना कसा घाम फुटतो हे सांगावयास नको.

मार्गशीर्षात तात्या कोयनेच्या बाजूस शिकारीस गेले. तेव्हा परवान्याने शिकार करता येई. तिसऱ्या दिवशी ते परत आले आणि कोणाशी न बोलता रायफल भिंतीस टेकवून बसून राहिले. बरोबरच्या माणसांकडून हकीकत कळली. समोर सांबर होते. तात्यांनी चाप ओढला. नुसता खट् आवाज झाला, आणि रायफल किंचित हलल्यावर क्षणभराने बार उडाला. गोळी सांबराच्या पोटात लागली. दोन दिवस रक्ताचा माग काढला, पण जनावर सापडले नाही.

त्यानंतर तात्यांनी रायफल हाती धरली नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, तेव्हा त्यांना सोडावयाचे काही उरलेच नव्हते. रायफल त्यांनी रीतसर विकून टाकली. गोट्यांचा डबा आम्ही त्याच रात्री विहिरीत टाकला, आणि त्याविषयी मौन धरले ते धरलेच.

गेल्या वर्षी तात्यांच्या नातवाने आम्हा उभयतांस अमेरिकेत कोलोरॅडो प्रांती नेले. मोटार ठेवण्याच्या जागेत एका कोपऱ्यात त्याने छोटासा कारखाना मांडला होता : एक हातदाब यंत्र, एक नाजूक काटा, पितळी नळकांड्यांच्या रांगा आणि एक वही. तिकडे सांबराच्याच जातीचे एल्क नावाचे थोर हरिण आहे. सरकारी परवान्याने ठराविक हंगामात त्याची शिकार करितात. हा गृहस्थ त्यासाठी काडतुसे स्वतः भरतो. सूनबाई मांसास शिवत नाही, पण त्याची वही मात्र तीच नीट लिहून देते!

आम्ही नाक मुरडले. ब्राह्मणाच्या पोराने हे काय आरंभिले, असेही बोललो. तो हसून म्हणाला, "काका, आधी बघा, मग रागवा."

त्याची रायफल १९६२ साली निघालेल्या 'सात मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम' काडतुसाची. त्या काडतुसाच्या बुडाशी पितळेचाच एक उंच पट्टा असतो. तो कशासाठी, असे आम्ही विचारले. तो सांगू लागला : तात्यांच्या रायफलीचे काडतूस कॉर्डाइट नावाच्या शेवयांसारख्या दारूसाठी लांबट आणि निमुळते केले होते, त्याचा खांदा इतका उतरता की त्यावर ते नळीत पक्के बसेना. म्हणून बुडाशी पट्टा दिला आणि त्या पट्ट्यावर काडतूस अडविले. पुढे चांगल्या खांद्याची काडतुसे झाली, तरी पट्टा राहिलाच.

"पण पट्ट्यावरच विसंबले की खांद्यापाशी पोकळी राहते," तो म्हणाला. "बार उडाला की पितळ ताणून ती पोकळी भरते. भरणाऱ्याने ते पुन्हा दाबून पूर्ववत केले की पुढच्या बाराला पुन्हा ताण. असे होता होता पट्ट्याच्या जरा पुढे पितळ पातळ होते आणि एक दिवस फाटते. म्हणून मी खांदा केसभरच मागे सारतो. मग काडतूस खांद्यावर बसते, पट्ट्याचे काम उरत नाही."

आम्हास एकदम मुंजीतली मेखला आठवली. बटूच्या कमरेस ती बांधावयाची, आणि विद्या पुरी झाली की सोडमुंजीत सोडावयाची. जन्मभर मेखलेच्याच आधाराने जो उभा राहील, त्याची विद्या ती काय! हे बोलून दाखविताच तो इतका खूष झाला की ते वाक्य त्याने वहीत टिपून घेतले.

मग त्याने दारू तोलली. तिकडचे माप ग्रेन. आपला तोळा १८० ग्रेनांचा आणि तोळ्याच्या गुंजा ९६. म्हणजे गुंज पावणेदोन ग्रेनांहून किंचित जड. त्याचा काटा ग्रेनाचा दहावा हिस्सा, म्हणजे गुंजेचा सुमारे एकोणिसावा भाग दाखवितो. आमच्या सांगलीच्या सराफाने सोने तोलतानाही इतका श्वास रोखला नसेल. पुस्तकात दिलेल्या कमीत कमी वजनापासून तो आरंभ करितो आणि थोडथोडे वाढवीत जातो. रायफलीचा खटका उघडताना जड लागला की तेथेच थांबतो. मेजावर एका वेळी एकाच दारूचा डबा, आणि त्याचे झाकण घट्ट. शंभर यार्डांवर तीन गोळ्या एका इंचाच्या आत पडल्या म्हणजे त्याचे समाधान. "तरी काका, निम्मी चूक काडतुसाची नसतेच," तो म्हणाला. "मॅग्नमचा धक्का मोठा. त्याच्या भीतीने माणूस बार उडण्याआधीच अंग चोरतो."

"एवढा खटाटोप कशासाठी?" आम्ही विचारले.

"जनावर जखमी होऊन जाऊ नये म्हणून. आजोबांनी मला लहानपणी एकच शिकारकथा सांगितली. त्या वर्षी रानात जाण्यापूर्वी त्यांनी काडतुसे पाहिली नाहीत, एकही उडवून पाहिले नाही. सांबराचा अपराधी मी, असे ते म्हणत."

आमच्या हातातला चहा तसाच राहिला. ज्या ओझ्याचा अर्धा वाटा आमचा होता, ते तात्यांनी मरेपर्यंत एकट्याने वाहिले होते. डब्याची गोष्ट आम्ही त्याच जागी, त्यांच्या नातवास सांगितली. तो पुष्कळ वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजोबांना वर्तमानपत्रातली काडतुसे दिसली नसतील का हो, काका?"

याचे उत्तर आमच्यापाशी नाही. पण कपाट त्यांचे होते, काडतुसे भरावयास त्यांनीच उचलली होती, आणि घरात दहा वर्षांचा मुलगा एकच होता.

आज ते कोयनेचे रान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तेथे बंदूक नेण्याची गोष्ट नको आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे ही नेमबाजीची साधना आता कागदी लक्ष्यावर चालते. शेजारच्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली. त्याच जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे याने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. त्यांची बारीक काडतुसे पुन्हा भरता येत नाहीत. म्हणून असे नेमबाज आपल्या नळीस कोणत्या घाण्याची काडतुसे मानवतात हे आधी पारखून घेतात. पारख सुटत नाही.

काटेकोरपणा म्हणजे कोरडेपणा, असे आमचे विद्यार्थी समजत. ऱ्हस्वदीर्घासाठी आम्ही गुण कापले, तेव्हा त्यांनी आम्हास निर्दय म्हटले असेल. त्या कोपऱ्यातल्या काट्यापाशी आम्हास कळले ते इतकेच, की काटेकोरपणाच्या मुळाशी दया असते. आपल्या ढिलाईचे दुःख दुसऱ्या जिवाने सोसू नये, ही. आणि झाकण उघडे राहिले असेल, तर ते वेळीच सांगावे. विहिरीत टाकलेला डबा बुडतो. पण आपण तो टाकला होता, हे बुडत नाही.