सही करणारा हात आणि समर्पणाची प्रार्थना

१/११
ख्रिस्ती उपासनेच्या इतिहासावरील या मालिकेत आज एका प्रार्थनेविषयी. प्रभुभोजनाच्या विधीतील या प्रार्थनेत उपासक आत्मा आणि शरीर यांसह आपले सर्वस्व देवाला वाहतो. मी ती लहानपणापासून म्हणत आलो. एका रविवारी मात्र ती माझ्या ओठांवरच थांबली. त्याचे कारण सांगण्यापूर्वी थोडा इतिहास.

२/११
प्रार्थनेचे मूळ संत पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या १२व्या अध्यायात आहे. काळ सुमारे इ.स. ५७. त्या काळी यरुशलेमच्या मंदिरात आणि रोमी दैवतांच्या वेदींवरही पशूंचे बळी दिले जात. पौलाने आपल्या वाचकांकडे निराळाच यज्ञ मागितला: त्यांची स्वतःची शरीरे, तीही जिवंतपणी.

३/११
‘जिवंत’ या शब्दातच खरी कसोटी आहे. वेदीवरचा पशू एकदा अर्पिला की विषय संपतो. जिवंत माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा बाजारात आणि कचेरीत जातो. शरीर म्हणजे हात, पाय, जीभ. केवळ मनातील भक्तिभाव पौलाला पुरेसा वाटत नव्हता.

४/११
इंग्लंडमध्ये १५४९ साली पहिले इंग्रजी प्रार्थनापुस्तक निघाले. त्याची घडण मुख्यतः कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस क्रॅनमर यांनी केली. त्यात समर्पणाचे हे शब्द भाकर आणि द्राक्षारस घेण्यापूर्वीच्या दीर्घ प्रार्थनेत होते. म्हणजे आधी स्वतःला वाहायचे, मग प्रभुभोजन घ्यायचे.

५/११
१५५२ च्या दुसऱ्या आवृत्तीत क्रॅनमर यांनी ते शब्द तेथून काढून प्रभुभोजनानंतरच्या प्रार्थनेत नेले. तेथेही ती दोन पर्यायी प्रार्थनांपैकी एक ठरली. ख्रिस्ताचा वधस्तंभावरील यज्ञ एकदाच झाला आणि तो परिपूर्ण आहे, त्यात माणसाच्या अर्पणाची भर पडू शकत नाही, ही धर्मसुधारकांची भूमिका या बदलामागे होती.

६/११
वरवर पाहता हा परिच्छेदांचा क्रम बदलणे एवढाच फरक. परंतु त्याने उपासकाचे स्थान बदलले. आता समर्पण ही कृपेची किंमत उरली नाही, मिळालेल्या कृपेला दिलेला तो प्रतिसाद झाला. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकानेही हाच क्रम राखला. त्याच परंपरेचे मराठी प्रार्थनापुस्तक माझ्या वडिलांच्या उशाशी असे.

७/११
१५५३ मध्ये मेरी राणी गादीवर आली आणि इंग्लंड पुन्हा रोमच्या अधिकाराकडे वळले. क्रॅनमर कैदेत पडले. अखेरच्या महिन्यांत त्यांनी आपली मते मागे घेणाऱ्या कागदांवर एकामागून एक सह्या केल्या. ज्या माणसाने सर्वस्व वाहण्याची प्रार्थना पुस्तकात घातली, त्याच्याच हाताने भीतीपोटी माघार लिहिली.

८/११
२१ मार्च १५५६ रोजी ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्यांनी माघारीची जाहीर कबुली द्यावी, अशी अपेक्षा होती. त्यांनी उलट त्या सह्याच नाकारल्या आणि मनाविरुद्ध लिहिणारा हात प्रथम जळेल, असे सांगितले. थोड्याच वेळाने चितेच्या ज्वाळांत त्यांनी उजवा हात पुढे धरला.

९/११
आता माझी गोष्ट. मी कनिष्ठ अभियंता असताना एका मोरीचे काम अर्धेच झाले होते. वरिष्ठ म्हणाले, “पुढच्या आठवड्यात होऊन जाईल, सही करून टाका.” शनिवारी मी मोजमाप पुस्तकात काम पूर्ण झाल्याची नोंद करून सही केली. रविवारी प्रार्थनेत ‘शरीर’ हा शब्द आला आणि माझा उजवा हात मला दिसला.

१०/११
खरे तर प्रभुभोजन घेऊच नये, असे त्या सकाळी वाटले होते. तरी घेतले. आधी निर्दोष व्हा आणि मग या, असे तो क्रम सांगत नव्हता. तो सांगत होता: आधी घ्या, आणि मग हात द्या. सोमवारी मी नोंद चुकीची असल्याचे लेखी कळवले. देयक थांबले. काही महिन्यांनी माझी बदली झाली. घरी आईने एवढेच विचारले, “झोप लागते ना आता?” लागत होती.

११/११
क्रॅनमर यांच्यापुढे चिता होती, माझ्यापुढे एक बदली. तुलना होऊच शकत नाही. पण त्यांची कथा वाचताना मला त्यांच्या धैर्याइतक्याच त्या आधीच्या सह्याही महत्त्वाच्या वाटतात. दिलेला हात माणूस परत घेतो, म्हणूनच ही प्रार्थना एकदा म्हणून भागत नाही. आजही ती म्हणताना मी उजव्या हाताकडे पाहतो.