आजीचा फोन आणि टायफॉइडचा पत्ता



डिसेंबरच्या सुटीत नेरूळला आजीकडे तीन आठवडे राहून आम्ही मॉसन लेक्सला परतलो आणि दहाव्या दिवशी धाकटीला ताप चढला. 'व्हायरल असेल' म्हणण्यात चार दिवस गेले. मग रक्त तपासलं. टायफॉइड निघाला. आरोग्य खात्याचा फोन आला : कुठे गेला होतात? काय खाल्लंत? पाणी कुठलं प्यायलात? तेच प्रश्न आम्ही, मागचापुढचा विचार न करता, नेरूळला विचारले. आजी क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या हातचं खाऊन पोर आजारी पडली म्हणा ना!"

औषधांनी धाकटी बरी झाली. आजीचं वाक्य मात्र मनातून जाईना. आम्ही रसायनशास्त्रातली माणसं, जंतूंमधलं फारसं कळत नाही. पण जंतूचं कुळ शोधता येतं एवढं ऐकून होतो, म्हणून वाचायला बसलो.

पूर्वी टायफॉइडच्या जंतूचे प्रकार फाज नावाच्या विषाणूंनी ठरवत. ही पद्धत १९३८ पासूनची. त्यासाठी ठरावीक फाज आणि तयार हात लागत, म्हणून हे काम मोजक्याच प्रयोगशाळांत होई. आता जंतूचा सगळा जनुकीय मजकूर वाचता येतो. २०१६ साली व्हेनेसा वाँग, कॅथरिन होल्ट आणि सहकाऱ्यांनी ६३ देशांतले अठराशेहून जास्त नमुने तपासून त्यातली ६८ अक्षरं खुणेसाठी निवडली. कुठल्या जागी कुठलं अक्षर आहे, त्यावरून जंतूला क्रमांक मिळतो : ४, मग ४.३, मग ४.३.१. आपला पत्ता जसा राज्य, जिल्हा, तालुका असा खाली उतरतो, तसंच. या योजनेचं नाव जीनोटायफी. तिची आज्ञावली खुली आहे. कोणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी, चूक दिसली तर सांगावी.

धाकटीच्या जंतूचा मजकूर काही आमच्या हाती नव्हता. पण शास्त्रज्ञांनी सर्वांसाठी खुले ठेवलेले भारतातले काही नमुने घेऊन एका रात्री घरच्या लॅपटॉपवर खटपट केली. बहुतेक ४.३.१ च्याच घराण्यातले निघाले. हे घराणं दक्षिण आशियातून आफ्रिकेपर्यंत पसरलं आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जंतूंना जुनी औषधं जुमानत नाहीत.

एक गोष्ट नीट उमगली. खुणा माणसांनी निवडलेल्या असतात. संगणक फक्त त्या जुळवून बघतो. जी फांदी कोणी नोंदवलीच नाही, ती त्याला वेगळी दिसत नाही. २०१६ पासून पाकिस्तानात सिंधमध्ये औषधांना दाद न देणारी साथ पसरली, तिच्या जंतूला वेगळा क्रमांक नंतर द्यावा लागला. आणि क्रमांक सापडला तरी तो घराणं सांगतो, स्वयंपाकघर सांगत नाही. हा जंतू आजीच्या माठातून आला, की रस्त्यावरच्या बर्फाच्या गोळ्यातून, की विमानतळावरच्या सँडविचमधून, हे नुसत्या ४.३.१ वरून कोणालाच सांगता येणार नाही.

रविवारी आजीला फोन करून हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ते असू दे. लस टोचली होती का पोरीला?"

आम्ही निरुत्तर! नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांसाठी टायफॉइडच्या नव्या लशीची मोहीम सुरू केली. भारतात सरकारी पातळीवर ही पहिलीच. आजीजवळ राहणाऱ्या भाच्याला ती तेव्हाच मिळाली. 'आपल्याच घरी तर जायचंय' म्हणून आम्ही मात्र इथे डॉक्टरांना विचारलंसुद्धा नव्हतं. दोष द्यायचाच तर तो आमच्या पदरात.

तेव्हा मंडळी, तिकिटं काढाल त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. लस निघण्याआधी किमान दोन आठवडे घ्यावी लागते, आणि कुठल्या वयाला कुठली, ते तेच सांगतील. परत आल्यावर ताप आला, तर 'भारतातून आलोय' हे पहिल्या वाक्यात सांगा.

आणि आजीला उगाच प्रश्न विचारू नका.