गेजचंही गेज

मानेसरच्या औद्योगिक वसाहतीत नग मोजण्याआधी मोजणारं हत्यार तपासलं जातं. व्हर्नियर असो, मायक्रोमीटर असो की प्लग गेज, प्रत्येकावर कॅलिब्रेशनची चिठ्ठी; तारीख उलटली की हत्यार बाजूला. एवढ्यावरही भागत नाही. तीन माणसांना तेच दहा नग, क्रम बदलून, दोन-तीनदा मोजायला देतात आणि आकड्यांतला किती फरक नगांचा, किती हत्याराचा नि माणसांचा, ते काढतात. हत्यार-माणसांचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असला तर उत्तम, तिसाच्या वर गेला तर ते मोजमाप कुणी धरत नाही. मोटारधंद्यात याला एमएसए म्हणतात.

माझं काम याच वसाहतीत परीक्षा काढण्याचं. आयटीआय झालेले फिटर, मशिनिस्ट, वेल्डर अप्रेंटिस म्हणून येतात. रेवाडीचे, नारनौलचे, झज्जरचे, नूहचे, बिहारमधलेही. त्यांना लाइनवर सोडायचं की अजून डोजोत, म्हणजे कारखान्यातल्या सरावाच्या जागेत, घोटवून घ्यायचं, हे माझ्या पेपरवर ठरतं. मी स्वतः औंधच्या आयटीआयत कानस घासून शिकलेला. इतकी वर्षं एक गोष्ट मात्र मला खटकते. साध्या बुशच्या भोकासाठी गेजचंही गेज ठेवणारे आपण, पोराचं वर्ष ठरवणाऱ्या कागदाला काहीच लावत नाही.

हे दुखणं जुनं आहे. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर फिलिप हार्टॉग यांनी ई. सी. ऱ्होड्स यांच्याबरोबर १९३५ साली इंग्लंडमधल्या परीक्षांचीच परीक्षा छापली. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका परीक्षकांनी तपासल्या. वर्ष उलटून गेल्यावर त्यांच्यापैकी १४ जणांकडे त्याच पुन्हा गेल्या. २१० निकालांपैकी ९२ बदलले. उत्तरपत्रिका तीच आणि परीक्षकही तोच! आमच्या वसाहतीत असा गेज भंगारात गेला असता.

बहुपर्यायी प्रश्नांत ही भानगड नाही, कुणीही तपासा, गुण तेवढेच. पण गेज दर वेळी तोच आकडा दाखवतो म्हणजे तो बरोबर दाखवतो असं नाही. माझा एक आवडता प्रश्न सांगतो. पन्नास भागांचा व्हर्नियर, मुख्य पट्टीवर २४, अठरावी रेघ जुळते, झिरो एरर अधिक ०.०४ मिमी, माप किती? उत्तर २४.३२. इथवर काही विशेष नाही. मेहनत लागते ती चुकीच्या तीन उत्तरांना. २४.३६ वर खूण करणारा झिरो एरर विसरला. २४.४० वाल्याला ती आठवली, पण वजा करायची ती त्याने मिळवली. २४.१४ वाला लीस्ट काउंट ०.०१ धरून बसलाय, मायक्रोमीटरची सवय. तिघांचेही गुण गेले, पण तिघांना शिकवायचं वेगवेगळं. त्याऐवजी पर्यायांत ३१.०५, १८.९० असले आकडे भरले की व्हर्नियर न पाहिलेला पोरगाही सुटतो. चोवीसने सुरू होणारं एकच तर उत्तर आहे.

हे चुकीचे पर्याय खुर्चीत बसून सुचत नाहीत. प्रश्न आधी पर्यायांशिवाय द्यायचा, मुलं काय काय लिहितात ते बघायचं आणि तिथूनच उचलायचं. पेपर झाल्यावर वरच्या आणि खालच्या सत्तावीस टक्के मुलांचे कागद वेगळे काढतो (हा सत्तावीसचा आकडा ट्रुमन केली यांनी १९३९ साली गणिताने काढून दिला) आणि प्रत्येक प्रश्न दोन्ही गटांत किती जणांना आला ते मोजतो. चांगल्यांना चुकलेला आणि कच्च्यांना आलेला प्रश्न सापडला की खोट बहुतेक वेळा वाक्यात निघते. दुहेरी नकाराची पेपर काढणाऱ्यांना भारी हौस. जपून वाचणारा त्यात अडकतो, अंदाजपंचे खूण करणारा सुटतो.

प्रात्यक्षिकाचं गणित आणखी अवघड. दोन तुकडे कानसून एकमेकांत बसवायचे, ±०.०४ मिमीच्या आत. परीक्षकाच्या हाती शेवटी तयार जॉब येतो. फट राहिली तर कड हातोडीने हलकेच ठोकून ती बुजवता येते. हे पोरांना ठाऊक असतं आणि परीक्षकालाही. उलटही घडतं. पहिली बाजू गुण्यात, म्हणजे काटकोनात, आली नाही की तिच्यावरून आखलेलं सगळंच सरकतं. गुणतक्त्यात सहा मापं असली तर एका चुकीची शिक्षा सहादा. म्हणून मी जॉबचे टप्पे पाडले. पहिली बाजू झाली की गुण्या लावून उजेडाकडे धरायची, तिचे गुण तिथेच. पुढची मापं हातात असलेल्या बाजूपासून धरायची, ड्रॉइंगमधल्या आदर्श बाजूपासून नाही. गुण देणारे दोघे, एकमेकांचा कागद न बघता.

टेबलाटेबलावर फिरत द्यायची परीक्षा रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीत वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी मांडली. ती मी उचलली, घंटेऐवजी शिट्टी वाजवतो. वेळ जास्त जातो, आणि लाइनला माणसं हवी असताना परीक्षा कसली लांबवता, अशी कुरकुर व्हायचीच.

हल्ली शॉपमध्ये डिजिटल कॅलिपर आलेत. रेघ जुळवायची गरजच उरली नाही. म्हणून तो चोवीस-बत्तीसवाला प्रश्न लेखी पेपरातून मीच काढून टाकला आणि एका टेबलावर डिजिटल कॅलिपर ठेवला, मुद्दाम चुकीच्या जागी शून्य केलेला. शेजारी एक नग. मुलाने लिहिलेल्या मापाला तिथे फारशी किंमत नाही. नग उचलायच्या आधी जबडे मिटवून शून्य कोण बघतो, एवढंच टिपायचं.

पहिल्या बॅचमध्ये असे बघणारे थोडेच निघाले. मग कासन गावातल्या भाड्याच्या खोल्यांतून ही खोड सीनियरांनी ज्युनियरांना सांगितली, आणि आता जो तो आधी जबडे मिटवतो. एक सहकारी वैतागून म्हणाला, पेपर फुटला, टेबल बदला. मी म्हटलं, फुटला तर फुटला, एवढंच तर शिकवायचं होतं. टेबल तसंच ठेवलंय, त्याचे गुण तेवढे कमी केले.