चोरचोळी ते नऊ तारीख

पहिले तीन महिने उलट्यांचे, शेवटचे तीन धापा टाकण्याचे. गरोदरपणात सुख म्हणून जे काही असतं ते मधल्या महिन्यांत. पडेगावात १९८४ साली हे जितकं खरं होतं तितकंच आजही आहे. बाकी सगळं पालटलं.

तेव्हा पडेगाव म्हणजे छावणी मागे टाकली की दौलताबादच्या रस्त्याला लागणारं खेडंच. घाटीच्या सरकारी दवाखान्यात जायचं ते अडलं तर. महिने मोजायचे सणांवर. अखितीला पाळी चुकली, म्हणजे पोळ्याला पाचवा भरत आला आणि संक्रांतीच्या मागंपुढं बाळंतपण. हा हिशोब आत्याबाई ज्वारी निवडता निवडता मांडायच्या आणि तो फारसा चुकायचा नाही.

पाचव्यात चोरचोळी व्हायची. हिरवं खणाचं कापड, गूळ-खोबरं, मूठभर तांदूळ. दार लोटून, दोन-चार बायकांतच. दृष्ट लागू नये म्हणून गुपचूप, असं सांगायचे. पण गल्लीतल्या प्रत्येकीला ते ठाऊक असायचं. मिरवायचं ते सातव्यातल्या डोहाळजेवणाला.

मला बाळ फिरल्याचं पहिल्यांदा कळलं ते राखीपौर्णिमेला. हापशावरून घागर आणून टेकवली आणि ओटीपोटात मासोळी वळल्यासारखं झालं. मी तिथंच थबकले. वाटलं, वात असेल. थोड्या वेळानं पुन्हा झालं. जाऊबाईंनी नुसतं तोंडाकडं पाहिलं आणि विचारलं, ‘‘फिरलं का गं?’’ त्या दिवसापासून घागर त्यांनी उचलली. दवाखान्याचा कागद नव्हता, पण घरातला कामाचा वाटा बदलला.

सून आता त्याच महिन्यांत आहे. तिचं बाळ तिला कळायच्या आधी आम्ही सगळ्यांनी पडद्यावर पाहिलं. अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यानची ती मोठी सोनोग्राफी; हृदयाचे चार कप्पे, पाठीचा कणा, ओठ, मूत्रपिंडं एकेक करून तपासतात. मुलगा की मुलगी हे विचारणार नाही, असं आधी लिहून द्यावं लागतं. लिंगनिदान रोखणारा कायदा महाराष्ट्रानं देशात सर्वांत आधी, १९८८ साली केला. देशाचा कायदा १९९४चा. आमच्या वेळी पोटाचा आकार बघून ‘मुलगाच’ म्हणणाऱ्या बायका होत्या. त्या आजही आहेत. कायद्याला त्यांचं काही करता आलेलं नाही.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र मी म्हणणार नाही. चुलीची माती, खापराचा तुकडा चोरून खाणाऱ्या पोरींना आम्ही ‘डोहाळे लागले’ म्हणून हसायचो. अशी माती खावीशी वाटणं हे पुष्कळदा अंगात रक्त कमी असल्याचं लक्षण असतं. गरोदरपणी हिमोग्लोबिन अकराच्या खाली गेलं तर तो पंडुरोग, हे आता आशाताई दारात येऊन सांगतात. लोहाच्या गोळीनं शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाही. गल्लीत एकीचं बाळ जन्मतःच एवढं थोराड, की सगळ्यांनी कौतुक केलं. आईची साखर वाढलेली असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. आता चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. साखर १४० किंवा त्याहून जास्त निघाली की पथ्य सुरू. सुनेला ते गोडमिट्ट पाणी पिववेना. पण प्यायली.

रात्री पोटऱ्यांत गोळे येणं, जेवल्यावर छातीत जळजळ, गालांवर वांग, बेंबीखाली काळपट रेघ, हे काही बदललं नाही. भूकही तशीच येते. आम्ही चिंचा पाडायचो, ही मोबाइलवर पाणीपुरी मागवते. बदललेल्यातलं न आवडणारं एकच. तपासण्या आल्या, पण घागर उचलणारी जाऊ गेली. नळाला पाणी काही दिवसांआड येतं. आलं की पाचव्या महिन्यातली बाईच कामावरून दमून येऊन पिंपं भरत बसते. रिपोर्ट चांगला आला म्हणजे ती दमत नाही, असं घरातल्या पुरुषांना वाटतं. आमच्या घरातल्यांना मी सांगितलंय, पिंपं तुम्ही भरायची.

तुमच्या घरात कुणाला चौथा लागला असेल, तर तिला तपासणीला एकटीला पाठवू नका, बरोबर जा. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. २०१६पासून ही सोय आहे आणि ती मुख्यतः चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठीच आहे.